पहिल्या वीस फेऱ्या

आमच्या ऑफिसात एक माणूस होता, ज्याने 'साधारण' हा शब्द कधी वापरला नाही. लिफ्ट यायला किती वेळ लागतो असं विचारलं की तो उलट विचारायचा, "कुठल्या मजल्यावरून? आणि सकाळी की दुपारी?" तोवर लिफ्ट येऊन निघूनही जायची. सगळे त्याला मोजणीदार म्हणत. तोंडावरही म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. अकरा वर्षं तो एका खिडकी नसलेल्या खोलीत बसून एकच काम करत होता. आमची भाषा किती वेगाने धावते, ते मोजणं.

भाषा म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. आमची कंपनी ती बनवते आणि मी त्या भाषेची पुस्तिका लिहिते. ही भाषा स्वभावाने ढिली आहे. दुसऱ्या भाषांना आधीच सांगून ठेवावं लागतं, की इथे आकडा येणार, तिथे नाव येणार. आमच्या भाषेला काही सांगावं लागत नाही. जे येईल ते ती चालता चालता बघून घेते. त्यामुळे लिहिणाऱ्याची चैन होते आणि चालवणाऱ्याची रड. प्रत्येक पावलाला ती थांबते, काय आलंय ते बघते आणि मग पुढचं पाऊल टाकते. बाजारात आमचं नाव होतं ते 'सोपी पण मंद' असं. पहिला शब्द जाहिरातीत घालायचा आणि दुसरा लपवायचा, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं.

मग आमच्या साहेबांनी मनावर घेतलं. साहेबांनी मनावर घेतलं की आम्ही सगळे शिल्लक रजा मोजायला लागतो. पण या वेळी हुशार मंडळींनी खरंच नवं इंजिन बनवलं. हे इंजिन प्रोग्रॅमवर नजर ठेवतं. तेच तेच काम पुन्हा पुन्हा होतंय असं दिसलं की त्या कामाची एक झटपट आवृत्ती तयार करून ठेवतं आणि नंतर तीच वापरतं. नजर ठेवायला आणि तयारी करायला सुरुवातीला वेळ जातो, हे खरं. पण एकदा अंग गरम झालं की मग ते सुसाट सुटतं.

म्हणून मोजताना पहिल्या वीस फेऱ्या धरायच्या नाहीत, असा आमच्याकडे नियम होता. प्रोग्रॅम शंभर वेळा चालवायचा, पहिले वीस आकडे फेकायचे आणि उरलेल्या ऐंशींची सरासरी काढायची. वीसच का? पुस्तिकेत तसं लिहिलंय म्हणून. पुस्तिका कोणी लिहिली? मी. त्या दिवशी मला दहा कमी वाटले आणि तीस जास्त. पुढे बाहेरच्या दोन-तीन कंपन्यांनीही माझं वाक्य उचललं आणि त्यांच्या माणसाने एका भाषणात 'जगन्मान्य पद्धत' म्हणून तेच मला ऐकवलं. मी मान डोलावली.

या पद्धतीने मोजलं तेव्हा आमची भाषा तिप्पट वेगाने धावली. नऊ सेकंदांचं काम तीन सेकंदांत! मोजणीदाराने ते चार दिवस, चार वेगवेगळ्या मशीनवर मोजलं आणि आलेखाखाली सही केली. त्याची सही असल्याशिवाय कुठलाही आकडा ऑफिसबाहेर जात नसे. साहेबांनी भिंतीवर दारापेक्षा मोठं पोस्टर लावलं. त्यावर एक पळणारा माणूस होता आणि 'तिप्पट' हा शब्द होता. काय तिप्पट, ते लिहायचं राहून गेलं होतं.

आता मोजणीदाराच्या घराकडे येऊ. त्याची बायको सरकारी दवाखान्यात केस पेपर काढायची. बाह्यरुग्ण विभागात दोन खिडक्या. एका खिडकीवर तिथे वीस वर्षं काढलेले एक काका, दुसरीवर ही. पेशंट आला की नाव, वय, तक्रार विचारायची, कॉम्प्युटरवर भरायची आणि कागद छापून हातात द्यायचा. सकाळची रांग संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसे. आणि तो केस पेपरचा प्रोग्रॅम होता आमच्याच भाषेत. म्हणजे नवरा दिवसभर जे मोजायचा, त्याच्यामागे बायको दिवसभर ताटकळायची. दोघांचं घर या एका भाषेवर चालत होतं आणि या भाषेवरून त्यांच्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी सासरमाहेरावरूनही झाली नसतील.

पोस्टर लागलं त्या महिन्यात दवाखान्याने नवं इंजिन घेतलं. साहेबांनी तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना पटवून दिलं, की तिप्पट वेग म्हटल्यावर दोन खिडक्या कशाला हव्यात? एक बंद करा, माणूस वाचेल. माणूस वाचेल म्हणजे कोण जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. काका जुने होते, कायम होते. ही तीन वर्षांपूर्वी लागलेली, दर वर्षी नेमणुकीचं नवं पत्र घेणारी. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून खिडकी नंबर दोन बंद, असं ठरलं.

मोजणीदाराला हे घरी कळलं. कसं, ते त्यानेच मला सांगितलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुमच्या ऑफिसात जे पळतं ते आमच्याकडे येईपर्यंत दमतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आधी बटण दाबलं की कागद यायचा तोवर मी पुढच्याचं नाव तरी विचारून घ्यायची. आता पुढच्याचं नाव, त्याच्या आईची तब्येत, सुनेची तक्रार, सगळं ऐकून होतं तरी कागद येत नाही."

"तुला वाटत असेल. आम्ही मोजलंय."

"मग मीही रोज दोनशे वेळा मोजते. फक्त मला त्याचा पगार मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी मोजणीदाराने रजा टाकली आणि दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसला. तीन तास मोजलं. जुन्या इंजिनाला एका कागदाला नऊ सेकंद लागत होते, नव्याला चौदा. तो चक्रावून गेला. मग काकांच्या खांद्यावरून डोकावल्यावर त्याच्या लक्षात आलं, की दवाखान्यातला प्रोग्रॅम प्रत्येक पेशंटला नव्याने सुरू होतो, कागद छापतो आणि बंद पडतो. पुढच्या पेशंटला पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे इंजिन नजर ठेवायला बसतं, तयारीला लागतं आणि तयारी व्हायच्या आत घरी जातं. अंग गरम होतच नाही. आम्ही ज्या पहिल्या वीस फेऱ्या फेकून देत होतो, त्यातलीच पहिली फेरी त्याच्या बायकोच्या वाट्याला दिवसातून दोनशे वेळा येत होती.

एवढं स्पष्ट दिसल्यावर दुसरा कोणीही साहेबांच्या केबिनमध्ये घुसला असता. हा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"ताई, मला हा आकडा आवडला."

"मग बिघडलं कुठे?"

"तेच बिघडलं. अकरा वर्षांत मला कुठला आकडा आवडला किंवा नावडला असं झालं नाही. आला तो आला. हा चौदा आला तेव्हा मला बरं वाटलं. खिडकी वाचेल असं वाटलं. मग मी नीट मोजलं कशावरून? बटण उशिरा दाबलं असेल. माझं मलाच कळायचं नाही. तुम्ही एकदा मोजाल का?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आमच्या ऑफिसात आवडलेला आकडाच तेवढा खरा मानायची रीत. हा गृहस्थ आवडला म्हणून आकड्यावर संशय घेत होता. मी गेले. त्याच बाकावर बसले. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांना वाटलं मी नाडी मोजणारी बाई आहे, त्यांनी हात पुढे केला. मी मोजलं तेही चौदाच आलं. कधी साडेतेरा, कधी साडेचौदा. मला त्यात ना सोयर ना सुतक, तरी चौदा.

मग मीटिंग झाली. मोजणीदाराने कागद समोर ठेवला आणि नेहमीच्या सुरात, खाली बघत, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. शांत साहेब हा प्रकार मला कधीच मानवत नाही.

"हे पहिल्या फेऱ्यांचं झालं. त्या आपण धरत नाही."

"पण साहेब, तिथे पहिली फेरीच असते. दुसरी येतच नाही."

"वहिनी त्याच खिडकीवर असतात ना? नंबर दोन?"

मोजणीदाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हाच प्रश्न त्याने स्वतःला आधीच विचारला होता आणि तिथे तो अजून अडकला होता. मी म्हटलं, "मीही मोजलंय. माझी कोणी तिथे नाही."

"मॅडम, तुम्ही पुस्तिका लिहा," साहेब म्हणाले.

पण साहेब मूर्ख नाहीत. मूर्ख असते तर निस्तरता आलं असतं. त्यांनी दोन दिवसांत तोडगा काढला. दवाखान्यातला प्रोग्रॅम यापुढे बंद करायचाच नाही. तो मागच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर सतत चालू ठेवायचा, म्हणजे गरम राहील. इथवर ठीक होतं, मोजणीदारानेही हेच सुचवलं असतं. पण साहेबांनी दवाखान्याला लिहून दिलं होतं, की प्रत्येक पेशंटला तिप्पट वेग मिळेल. प्रत्येक म्हणजे पहिलासुद्धा. आणि मशीन सुरू झाल्यावर पहिल्या वीस पेशंटांना चौदा सेकंद लागणारच होते. म्हणून ठरलं, की पहिले वीस पेशंट खोटे भरायचे. मशीन गरम झालं, की मग खरे. दवाखान्याला याचं नाव सांगितलं, 'यंत्राची तयारी'.

आता खोटे पेशंट भरायला कोणीतरी हवं. काका खऱ्यांसाठी लागणार. मग उरली ही. खिडकी नंबर दोनचं शटर खाली ओढलं गेलं आणि शटरच्या आत मोजणीदाराच्या बायकोची नोकरी शाबूत राहिली. रोज सकाळी आठ वाजता ती मुळात नसलेल्या वीस माणसांची नावं, वयं आणि दुखणी भरायची. त्याला अर्धा तास लागे. तोवर काकांच्या खिडकीवर पाटी असे, 'यंत्र तयार होत आहे'. बाहेर रांग उभी. त्यात दर दोन तासांनी मशीनची मेमरी भरून ते पुन्हा सुरू करावं लागे, की पुन्हा वीस, पुन्हा पाटी. दिवसाला ऐंशी खोटे पेशंट. दुखण्यांच्या यादीत सगळ्यात वर गुडघेदुखी होती, म्हणून ती सरसकट गुडघेदुखी भरायची. महिन्याच्या अहवालात गुडघेदुखीची लाट दिसली. हाडांच्या डॉक्टरांचा आठवड्यातला एक दिवस वाढवला. ते बिचारे रिकाम्या खोलीत बसून पेशंटची वाट बघायचे.

आमच्याकडे मात्र आलेख सुरेख आला. प्रत्येक खऱ्या पेशंटला तीन सेकंद. मोजणीदाराने सही केली. आकडा खोटा नव्हता. सही करताना मी तिथे होते. तो एवढंच म्हणाला, "ताई, हा मला आवडला नाही, तरी मी काही बोललो नाही." नोकरी बायकोची होती, तोंड याचं शिवलं गेलं होतं. मला त्याचा राग आला नाही. मला पोस्टरवरच्या पळणाऱ्या माणसाचा आला, साहेबांचा आला आणि 'वीस' लिहिणाऱ्या माझ्या हाताचाही आला.

सहा आठवडे असे गेले. मग एका सोमवारी ती शटरच्या आत बसली होती आणि बाहेर कोणीतरी उलटी केली. कोणीतरी ओरडलं, "अहो, खुर्ची द्या!" लोक चिडले होते, काका पाटीकडे बोट दाखवत होते. पत्र्याच्या पलीकडे हे सगळं ऐकू येत होतं आणि ती आठवा खोटा गुडघा भरत होती. तिने नवऱ्याला फोन लावला.

"मला एक सांगा. हे खोटे न भरता मी खरेच घेतले, तर पहिल्या वीसांना किती जास्त लागेल?"

"जुन्यापेक्षा पाच सेकंद. प्रत्येकी."

"आणि आत्ता ते किती थांबलेत?"

"ते..." मोजणीदार थांबला. "ते आम्ही मोजत नाही. बटण दाबल्यापासून मोजतो."

"मग आजपासून दाराशी आल्यापासून मोजा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने शटर वर केलं. पाठीचा जोर लावावा लागला, कारण सहा आठवड्यांत ते घट्ट बसलं होतं. पहिली बाई पुढे आली, तिला चौदा सेकंद लागले आणि तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विसावा पेशंट झाला तेव्हा मशीन गरम होतं. दोन खिडक्यांवर मिळून साडेनऊला रांग संपली. आपण काय केलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिची जागा होती ती खोटे पेशंट भरायला. ते भरायचे नाहीत म्हटल्यावर ती जागा कशासाठी?

बुधवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावणं आलं. साहेब, मोजणीदार आणि वहीत टिपून घ्यायला मी. साहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की खिडकी नंबर दोनवरच्या बाईंनी ठरलेली पद्धत मोडली, त्यामुळे दर वेळी पहिल्या वीस पेशंटना तिप्पट वेग मिळत नाहीये, आणि याची जबाबदारी आमच्या कंपनीवर येणार नाही.

मोजणीदाराने एक कागद पुढे केला. सोमवार ते बुधवार, दाराशी आल्यापासून हातात कागद पडेपर्यंत, एकेका माणसाचा वेळ. शेजारी मागच्या आठवड्याचे तीन दिवस. आधी सरासरी चव्वेचाळीस मिनिटं, नंतर एकोणीस. खाली लिहिलं होतं, 'पहिल्या वीस फेऱ्या धरून'. आणि सही.

"मागच्या आठवड्याचं कुठून आणलंत?" साहेबांनी विचारलं.

"दारावरचा पहारेकरी टोकन देतो, त्यावर वेळ छापलेली असते. केस पेपरवरही असते. दोन्ही दवाखान्याकडेच होतं. कोणी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं."

"मॅडम," साहेब डॉक्टरीणबाईंकडे वळले, "एक सांगायला हवं. खिडकी नंबर दोनवरच्या बाई यांच्या पत्नी आहेत."

पुन्हा त्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी पेन खाली ठेवलं. आता हा पुन्हा खाली बघणार आणि संपलं सगळं, असं मला वाटलं. तो खाली बघतच बोलला, पण बोलला.

"हो. माझी बायको आहे. तिची नोकरी राहावी असं मला फार वाटतं. आणि आकडा खरा आहे. मला वाटायचं या दोन गोष्टी एकत्र असू शकत नाहीत. असू शकतात. तुम्ही दुसऱ्या कोणाकडूनही मोजून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "आणि ते गुडघे?"

साहेबांनी पाणी प्यायला घेतलं. मोजणीदाराने सांगितलं. सगळं, दिवसाला ऐंशीच्या हिशोबाने. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन करून त्यांचा जादाचा दिवस रद्द केला. पलीकडून बहुतेक धन्यवाद आले असावेत.

दवाखान्याने जुनं इंजिन परत बसवलं, नऊ सेकंदांचं, पहिल्या पेशंटलाही नऊ आणि शेवटच्यालाही नऊ. दोन्ही खिडक्या पेशंटसाठी. पुढच्या वर्षी मोजणीदाराच्या बायकोला नेमणुकीचं पत्र नव्याने मिळालं आणि त्यात खोट्या पेशंटांचा उल्लेख नव्हता. मोजणीदाराला आमच्या साहेबांनी मोजणीवरून काढलं. कारण दिलं, 'हितसंबंध'. आता तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि पुस्तिकेतली पानांची अनुक्रमणिका तपासतो. वाईट वाटतं का, असं मी एकदा सरळ विचारलं. "वाटतं," तो म्हणाला. "त्या खोलीत मला करमायचं." आणि पान उलटलं. मलाही वाईट वाटलं, मी तसं म्हणाले.

मोजणीच्या खोलीत आता कोणी बसत नाही. मशीन स्वतःच मोजतं, स्वतःच आलेख काढतं आणि सहीची जागा फॉर्मवरून गेली आहे. कोणी तपासत नाही म्हणून आकडे फार चांगले येतात. गेल्या तिमाहीत आम्ही चौपट झालो. नवं पोस्टर लागलं, त्यावर दोन माणसं पळताहेत. मी शेजारी वळून विचारलं, "चौपट, तुम्हाला काय वाटतं?"

"तिला विचारतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने डबा ठेवला, चष्मा पुसला आणि मला सांगितलं, "तिच्याकडे अजून जुनंच आहे. काल रांग नऊ वाजून बत्तीस मिनिटांनी संपली."